गाडीतलं एलपीजी किट काढायचंय? आधी टाकीचं बघा

मागच्या उन्हाळ्यात एक निवृत्त बँकवाले काका त्यांची जुनी वॅगनआर घेऊन पुण्यात धायरीला माझ्या गॅरेजवर आले. डिकीत आडवी टाकी, बॉनेटखाली किट, डॅशबोर्डवर गॅस-पेट्रोलचा स्विच. म्हणाले, "अहो, तीन महिने गॅस भरलेला नाही. काटा शून्यावर आहे. टाकी मोकळीच आहे, नुसती उचलून बाजूला करा. अर्ध्या तासाचं काम." मी गाडी मोकळ्यावर घेतली, इंजिन तापू दिलं, स्विच गॅसवर टाकला आणि मोबाईलवर वेळ लावली. त्या 'मोकळ्या' टाकीवर इंजिन ११ मिनिटं चाललं.

काका गप्प झाले. मीही सुरुवातीच्या वर्षांत काट्यावरच विश्वास ठेवायचो, त्यामुळे त्यांना हसायचा मला हक्क नव्हता.

पूर्वी आठवड्याला दोन-तीन किट बसवायचो, आता बसवण्यापेक्षा काढायलाच जास्त गाड्या येतात. कुणाला गॅसचा पंप लांब पडतो, कुणाला डिकी मोकळी हवी असते, कुणाच्या टाकीची चाचणीची मुदत संपलेली असते, कुणाला त्याच गाडीत सीएनजी बसवायचा असतो. हे लिहितोय ते दोघांसाठी. एक, ज्याला आपल्या गाडीतलं किट काढून घ्यायचंय असा मालक. दुसरा, गॅरेजात नव्याने लागलेला पोरगा, ज्याला हातात पाना दिला की कुठूनही सुरुवात करावीशी वाटते. मालकाने करायची कामं बरीच आहेत आणि ती घरीच करता येतात. पण टाकी गाडीतून सोडवणं हे काम मंजुरी असलेल्या किट बसवणाऱ्याकडेच द्यायचं. तुम्ही कितीही हौशी असा, घरच्या पार्किंगमध्ये ते करू नका. कारण पुढे येतंच.

हा गॅस कसा वागतो

एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. टाकीत ते दाबाखाली द्रवरूपात असतं, म्हणूनच एवढ्याशा टाकीवर गाडी दोन-तीनशे किलोमीटर जाते. हा द्रव बाहेर आला की लगेच त्याचा वायू होतो आणि १ लिटर द्रवाचा साधारण २५० लिटर वायू होतो. हवेत जेमतेम २ टक्के मिसळला तरी ठिणगीला पेटतो. आता हिशेब करा. १ लिटर द्रव म्हणजे २५० लिटर वायू, तो २ टक्क्यांनी मिसळला तर साडेबारा हजार लिटर हवा पेटण्याजोगी होते. तीन मीटर बाय पाच मीटरच्या गाळ्यात जमिनीपासून पाऊण मीटरहून उंच थर झाला हा. आणि थर म्हणतोय तो उगाच नाही. हा वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड आहे. वर उडून जात नाही, पाण्यासारखा उताराकडे वाहतो, खड्ड्यात, गटारात, तळघरात जाऊन बसतो.

म्हणून गॅरेजातला सर्व्हिसिंगचा खड्डा या कामाला वर्ज्य. सोसायटीचं बेसमेंट पार्किंग त्याहून वर्ज्य. बाल्कनीखाली गाडी लावून काम करणारेही पाहिलेत, वर कुणाचा तरी गॅस गीझर पेटलेला असतो. काम उघड्यावर, सपाट जागेत, गटारापासून आणि ड्रेनेजच्या झाकणापासून लांब. सकाळी लवकर केलं तर उत्तम, कारण टाकी जितकी तापेल तितका आतला दाब वाढतो. पुण्याच्या साध्या दिवसालाही तो ४ बारच्या वर असतो, म्हणजे गाडीच्या टायरात आपण भरतो त्या हवेच्या दुप्पट. मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीचं तर बोलायलाच नको.

वास येण्यासाठी गॅसमध्ये मुद्दाम वासाचं रसायन मिसळलेलं असतं. पण दहा मिनिटं त्यात काम केलं की नाकाला सवय होते. "आता वास येत नाही" हा पुरावा नव्हे. साबणाचं पाणी आणि ब्रश जवळ ठेवा, सांध्यावर लावा, बुडबुडे आले की गळती. काडी पेटवून बघणारे जुने लोक आता फारसे उरले नाहीत.

पाना हातात घ्यायच्या आधीचे कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथं चुकलं तर महिनाभर खेटे घालावे लागतात.

आरसी उघडा आणि इंधनाच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. 'पेट्रोल/एलपीजी' असं असेल तर किट काढणं हा नोंदणीतला बदल आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. बदलाला नोंदणी करणाऱ्या कार्यालयाची मंजुरी लागते, आणि मंजुरीविना बदल झाला असेल तर तो १४ दिवसांत कळवावा लागतो. म्हणजे आधी विचारा, मग काढा. एमएच-१२ ची गाडी असेल तर संगम पुलाजवळचं आरटीओ, एमएच-१४ असेल तर मोशी. अर्ज सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरून सुरू होतो. गाडीवर कर्ज चालू असेल तर बँकेची ना-हरकत आधी घेऊन ठेवा. ऐन वेळी बँकेची शाखा शोधत फिरणारे बरेच पाहिलेत.

काही आरसीवर एलपीजीची नोंदच नसते. म्हणजे किट कधीतरी गुपचूप बसवलं आणि नोंदवलंच नाही. गाडी सेकंडहॅंड घेतलेली असेल तर हे हमखास निघतं. तेव्हा काढणं सोपं, पण त्या टाकीच्या इतिहासावर अजिबात भरवसा ठेवू नका. चाचणी झालीय का, कुठली टाकी आहे, काहीच ठाऊक नसतं.

टाकीवर पाटी किंवा ठसा असतो. त्यावर बनवल्याची तारीख आणि शेवटच्या चाचणीची तारीख दिसते. दर ५ वर्षांनी मान्यताप्राप्त केंद्रात तिची दाब-चाचणी व्हायला हवी. स्फोटक आणि ज्वलनशील पदार्थांच्या सुरक्षेचं जे केंद्रीय खातं हे बघतं त्या 'पेसो'चं मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. मुदत उलटून गेलेली टाकी असेल तर तिच्यात आता नवीन गॅस भरू नका, आहे तो संपवा.

विम्याची पॉलिसीही काढून बघा. किटसाठी वेगळी ओळ असते, आयएमटी २५ नावाचं कलम. ते आत्ता काढायचं नाही, पण आहे की नाही हे माहीत हवं.

आणि एक. डिकीत टाकीऐवजी घरगुती लाल सिलिंडर, रेग्युलेटर आणि रबरी नळी सापडली, तर हा लेख इथंच बंद करा. वाहनात एलपीजीला कायदेशीर वाट मिळाली ती २००० सालच्या दुरुस्तीनंतर, आणि २००१ च्या आदेशाने त्याचे नियम ठरले. त्याआधीच्या काळातली ही खोड अजून कुठेकुठे शिल्लक आहे. त्या गाडीला स्टार्टर मारू नका, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि माणसं लांब करून जाणकाराला बोलवा.

कंपनीतूनच किट लागून आलेल्या गाड्या, उदाहरणार्थ २००६ ला आलेली वॅगनआर ड्युओ, यांचंही वेगळं. त्यात गॅस आणि पेट्रोलचं वायरिंग मुळातच एकमेकांत विणलेलं असतं. ती गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच दाखवावी.

गाडी पेट्रोलवर धड चालते का?

हा प्रश्न कुणी विचारतच नाही. वर्षानुवर्षं गॅसवर पळालेल्या गाडीची पेट्रोलची बाजू बहुतेक वेळा आजारी असते. मालक पेट्रोल जेमतेम शे-दोनशेचं टाकून ठेवतो, फक्त सकाळी सुरू करायला. टाकीतला पेट्रोल पंप पेट्रोलमध्ये बुडालेला राहिला तरच थंड राहतो. कोरडा चालला की घरघरायला लागतो आणि एक दिवस बसतो. इंजेक्टरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकट थर बसतो. रबरी नळ्या तडकतात, त्यात आताचं इथेनॉल जास्त असलेलं पेट्रोल जुन्या नळ्यांना मानवत नाही.

तर किट काढायच्या आधी दोन आठवडे गाडी फक्त पेट्रोलवर चालवा. निम्म्याच्या वर ताजं पेट्रोल, नवा पेट्रोल फिल्टर. रोजच्या रस्त्याने जा, एकदा चांदणी चौकाचा चढ चढवा, एकदा सिंहगड रोडच्या गर्दीत तासभर अडकू द्या. झटके खाते का, मिसिंग मारते का, सिग्नलला बंद पडते का, ते लिहून ठेवा. जे काही दुखणं आहे ते आधी बरं करा. नाहीतर किट काढल्यावर गाडी नीट चालली नाही की मालक म्हणतो, "तुम्ही काढताना काहीतरी केलंत", मेकॅनिक म्हणतो, "ती आधीपासूनच तशी होती", आणि दोघंही खरं बोलत असतात.

टाकी रिकामी करणं

हे नीट वाचा. अपघात होतात ते इथंच.

टाकी रिकामी करायची ती इंजिनाने. गॅस जाळून संपवायचा, हवेत सोडायचा नाही. व्हॉल्व्ह थोडा ढिला करून "जरा फुस करून टाकू" म्हणणारा माणूस भेटला की गाडी घेऊन परत या. फुस केलेला गॅस जातो कुठं? शेजारच्या वडापाववाल्याच्या स्टोव्हकडे.

पेट्रोलची चाचणी झाली की गाडी पुन्हा गॅसवर टाका आणि संपेपर्यंत चालवा. शेवटचा गॅस चढावर किंवा हायवेच्या मधल्या लेनमध्ये संपवू नका. इंजिन अचानक दम सोडतं, नवले पुलाच्या उतारावर हे होणं म्हणजे मागच्या ट्रकला निमंत्रण. सकाळी सहाच्या सुमारास घराजवळच्या सपाट रस्त्यावर फेऱ्या मारा. नव्या पद्धतीच्या, म्हणजे इंजेक्टरवाल्या किटमध्ये गॅसचा दाब पडला की गाडी आपोआप पेट्रोलवर जाते आणि स्विच पीं-पीं करतो. थोडं थांबा, पुन्हा गॅसवर टाका. पुन्हा काही मिनिटं चालेल. असं तीन-चार वेळा, जोवर गॅसवर टाकल्या टाकल्या परत पेट्रोलवर उडी मारत नाही तोवर. जुन्या मिक्सरवाल्या, म्हणजे हवेच्या वाटेतच गॅस मिसळणाऱ्या किटमध्ये आपोआप काही होत नाही, इंजिन धडपडून बंद पडतं.

आता टाकीतला द्रव संपला. पण टाकी रिकामी झाली का? नाही. द्रव संपल्यावरही टाकीभर वायू उरतो. काट्याचा तरंगता हात फक्त द्रवाची पातळी सांगतो, वायूबद्दल तो काहीच सांगत नाही. काकांची ११ मिनिटं आली ती याच वायूतून. इंजिनाला पुरेल एवढा दाब संपल्यावरही टाकीत गॅस राहतोच, आणि इंजिनाने ओढून न घेतलेला थोडासा द्रवही तळाशी राहू शकतो. तो बाहेर पडून हाताला लागला तर कातडी गोठवतो. लागलाच तर चोळायचं नाही, कोमट पाणी सोडायचं आणि डॉक्टर गाठायचा.

पुढची पायरी लाईनची. टाकीपासून गाडीच्या पोटाखालून एक बारीक तांब्याची नळी पुढे किटपर्यंत जाते. तिच्यातही गॅस असतो. टाकीवर जिथं सगळे सांधे एकत्र येतात त्या भागाला मल्टिव्हॉल्व्ह म्हणतात. त्यात ८० टक्क्यांच्या वर गॅस भरू न देणारा झडपेचा भाग, दाब जास्त झाला तर सोडून देणारी झडप, नळी तुटली तर प्रवाह अडवणारी झडप आणि विजेवर उघडणारा सोलेनॉइड असं सगळं एकत्र बसवलेलं असतं. शिवाय हाताने फिरवायचा एक बंद करण्याचा व्हॉल्व्हही असतो. इंजिन गॅसवर चालू ठेवून तो हाताचा व्हॉल्व्ह बंद करायचा. लाईनमधला गॅस इंजिन पिऊन टाकतं आणि दम सोडतं. आता लाईन मोकळी, टाकी बंद. किल्ली काढा, आणि मगच बॅटरीची मायनस तार सोडा. क्रम उलटा केलात, म्हणजे आधी बॅटरी काढलीत, तर लाईन भरलेलीच राहते. नवीन पोरं हमखास इथं चुकतात, कारण त्यांना शिकवलेलं असतं की कुठल्याही कामाआधी बॅटरी काढा.

मालकाचं काम इथं संपलं. द्रव संपलेली गाडी घेऊन पेट्रोलवर चालवत अधिकृत वर्कशॉपला जा. लाईन मोकळी करण्याचं काम त्यांच्यासमोर होऊ द्या. तिथं विचारायचे प्रश्न: उरलेला गॅस कसा काढता? नायट्रोजनने धुता की पाण्याने भरता? टाकी नंतर कुठे जाते? पावती देता का? "त्याची काळजी करू नका हो" असं उत्तर आलं तर जरूर काळजी करा.

टाकी उतरवताना

गॅरेजवाल्या पोरांसाठी. डिकीतला गालिचा आणि मागची सीट काढून जागा करा. चारही दरवाजे आणि डिकी उघडी ठेवा, दहा मिनिटं वारा खेळू द्या. मल्टिव्हॉल्व्हच्या डब्याचं झाकण काढलं की आधी साबणाचं पाणी. मग विजेचा प्लग, मग पुढे जाणारी नळी, मग भरायच्या तोंडाकडून येणारी नळी. युनियनला, म्हणजे नळीच्या नटाच्या सांध्याला, नेहमी दोन पाने: एकाने अंग धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने ओढलात तर तांब्याची नळी पिळली जाते, आणि पिळलेली नळी बरोबर मल्टिव्हॉल्व्हच्या तोंडाशी तडकते. नट एकदम खोलायचा नाही. पाव आटा, थांबा, ऐका. किंचित फुस झाली आणि थांबली तर नळीतलं उरलंसुरलं होतं. फुस थांबतच नसेल तर हाताचा व्हॉल्व्ह धरत नाहीये. नट परत घट्ट करा, सगळे बाजूला व्हा, आणि टाकी तशीच ठेवून आधी तिचा गॅस कसा काढायचा ते ठरवा.

सुटलेल्या प्रत्येक तोंडाला टोपण. कापडाचा बोळा कोंबणं म्हणजे टोपण नव्हे.

मग पट्ट्यांचे बोल्ट. ते गाडीच्या पोटातून वर आलेले असतात आणि दहा-बारा पुणेरी पावसाळ्यांनी गंजून एकजीव झालेले असतात. मी शिकाऊ होतो तेव्हाची गोष्ट. ओम्नी होती, बोल्ट हलेना. मी ग्राइंडरची वायर बोर्डात घातली, बटण दाबणार, तेवढ्यात उस्तादांनी मागून येऊन वायरच उपटली आणि माझ्या कानाखाली आवाज काढला. टाकी अजून डिकीतच होती. त्या दिवशी राग आला होता. आज माझ्याकडच्या पोरांना मी आदल्या दिवशी संध्याकाळीच बोल्टला गंज सोडवणारं तेल मारून ठेवायला सांगतो, आणि ग्राइंडर त्या दिवशी कपाटात कुलपात असतो. टाकी गाडीपासून लांब नेल्याशिवाय ग्राइंडर, वेल्डिंग, गॅस कटर यांचं नाव काढायचं नाही. हॅलोजनचा दिवाही नको.

स्टेपनीच्या जागेत बसणाऱ्या गोल टाकीला मध्ये एकच मोठा बोल्ट असतो, ती सोपी. आडवी टाकी दोघांनी उचलायची, मल्टिव्हॉल्व्हला धरून नाही.

टाकी भंगारवाल्याला द्यायची नाही. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात काय काय विकलं जातं हे पुणेकराला सांगायला नको, पण टाकी तिथं गेली की तिचं पुढे काय होतं? कुणीतरी तिला गॅस कटर लावतो, किंवा मुदत संपलेली टाकी रंग देऊन दुसऱ्याच्या डिकीत बसवतो. मुदत संपलेली टाकी पुन्हा वापरता येणार नाही अशी नष्ट करणारं केंद्र किंवा अधिकृत किटवाला शोधा, टाकीवरचा क्रमांक लिहिलेली पावती घ्या. ही पावती आरटीओतही कामाला येते.

तळातली भोकं रबरी बुचं आणि सीलंटने बंद करा. ही भोकं बंद न केलेली एक गाडी जूनमध्ये माझ्याकडे परत आली, डिकीतल्या गालिचावर शेवाळ.

बॉनेटखाली

इथं स्फोटाची भीती नाही, पण गाडी बिघडते ती इथंच. काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, प्रत्येक वायरला टेपचा तुकडा लावून त्यावर लिहा. आठवणीवर भरवसा ठेवू नका, दुपारच्या जेवणानंतर सगळ्या वायरी सारख्याच दिसतात.

रिड्यूसर, म्हणजे तो डबा ज्यात द्रव गॅसचा वायू होतो, इंजिनाच्या गरम पाण्यावर चालतो. त्यासाठी हीटरच्या नळ्या कापून मध्ये टी, म्हणजे तीन तोंडांचे जोड, घातलेले असतात. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच हात घाला. टी आणि जोड काढून टाका आणि कंपनीची अखंड होज परत बसवा. दोन तुकडे पितळी जोडाने जोडून ठेवले तर आज चालेल, पण पुढच्या उन्हाळ्यात कात्रजच्या घाटात तिथूनच पाणी जाईल. कूलंट भरून हीटर चालू ठेवा आणि हवा पूर्ण काढा. रिड्यूसर उपडा केला की काळपट तेलकट, नकोशा वासाचा गाळ निघतो. तो गॅसमधला मळ आहे, हातमोजे घाला.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलच्या नळीवर एक सोलेनॉइड बसवलेला असतो. वीज नसली की तो पेट्रोल बंद ठेवतो. त्याची नुसती वायर काढून गाडी सुरू होत नाही म्हणून अर्धा दिवस डोकं खाजवणारे मेकॅनिक आहेत. तो काढून तिथं एकच सलग नवी पेट्रोलची होज टाका. हवेच्या वाटेतला मिक्सर काढा, ठिणगीचं टायमिंग गॅससाठी पुढे ओढलेलं असेल तर कंपनीच्या मापावर आणा. नाहीतर पेट्रोलवर चढाला इंजिन टकटक वाजेल.

इंजेक्टरवाल्या किटमध्ये इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना, आटे पाडून चार बारीक नोझल लावलेले असतात. ते काढल्यावर प्रत्येक भोकाला आट्याचं बूच, सीलंटसकट. एक राहिलं किंवा ढिलं बसलं तर तिथून हवा ओढली जाते आणि आयडलिंग वरखाली होत राहतं. व्हॅक्यूमच्या नळीतला टी विसरू नका.

वायरिंगला सगळ्यात जास्त वेळ द्या. पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी कापून मध्ये गॅसचा कॉम्प्युटर घातलेला असतो. त्या मूळ जोडीने परत जोडायच्या: वळवा, सोल्डर करा, हीट श्रिंक नळी चढवा. नुसती काळी टेप गुंडाळलेला जोड उन्हाने सुटतो. ऑक्सिजन सेन्सर आणि क्रँक सेन्सरच्या वायरींवर मारलेले टॅप, म्हणजे मध्येच जोडलेल्या वायरी, शोधून काढा, बॅटरीवरून घेतलेली फ्यूजची वायरही. डॅशबोर्डवरचा स्विच शेवटी.

प्लग बाहेर काढाच. गॅसवाल्यांनी प्लगची गॅप कमी केलेली असते, ती गाडीच्या पुस्तकातल्या मापावर आणा किंवा नवे टाका. ज्या इंजिनात व्हॉल्व्हचं टॅपेट सेटिंग असतं तिथं तेही तपासा. गॅसवर पळालेल्या इंजिनात एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हची बैठक झिजते आणि क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हशी ठेवलेली बारीक फट, कमी होत जातो. हे न बघता दिलेली गाडी दोन महिन्यांत कमी ताकदीची तक्रार घेऊन परत येते.

सुरू केल्यानंतर

बॅटरी जोडा, चावी दोनदा ऑनवर नेऊन पेट्रोलचा दाब बनू द्या, मग स्टार्टर. कॉम्प्युटरची आठवण पुसली गेलेली असते, त्यामुळे पहिली काही मिनिटं आयडलिंग वेडंवाकडं असेल. एसी बंद ठेवून गाडी चांगली तापू द्या. पेट्रोलच्या प्रत्येक सांध्यावर हात फिरवून नाकाशी न्या, कूलंटची पातळी बघा, चेक इंजिनचा दिवा विझलाय ना ते बघा. तासाभराची फेरी मारून आलात की खाली परत डोकावा.

पुढचं मालकाचं. नवीन पीयूसी फक्त पेट्रोलवर काढून घ्या. पीयूसीवाल्याच्या पडद्यावर अजून 'पेट्रोल/एलपीजी' दिसेल, कारण आरसी बदललेली नाही, तेव्हा त्याच्याशी वाद घालू नका. मंजुरी, वर्कशॉपचं बिल, टाकीची पावती घेऊन गाडी तपासणीला न्या. निरीक्षक डिकी आणि बॉनेट उघडून बघतो. मागच्या काचेवरचा जुना एलपीजीचा स्टिकर आधीच खरवडून टाका. किट नसताना स्टिकर असला की प्रश्न वाढतात. नवी आरसी हातात आली की त्याची प्रत विमा कंपनीला द्या आणि किटची ओळ काढून घ्या.

आणि स्टेपनी. टाकीसाठी जागा केली तेव्हा ती बहुतेक घरच्या माळ्यावर किंवा गॅलरीत गेलेली असते. काकांची गॅलरीतून आली तेव्हा तिच्यावर तुळशीची कुंडी ठेवल्याचा गोल डाग होता. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. त्यांच्या टायरवर ३२०९ होतं, म्हणजे २००९ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी, पण रबर नखाने दाबलं तर तडे दिसत होते. रिम ठेवलं, टायर नवा घेतला.